शांतता समित्यांना खुले पत्र : शूराने काय करू नये, हेही एकदा ठरवा

प्रति,
मराठवाड्यातील शांतता समित्यांचे सर्व सदस्य, तसेच जयंती, गणेशोत्सव, मोहरम, उरूस, नांदेडच्या शीख बांधवांची हल्लाबोल आणि अन्य मिरवणुकांचे संयोजक यांसि,

स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस जवळ आले की पोलीस ठाण्याच्या सभागृहात शांतता समितीची बैठक भरते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पुढच्या रांगेत माजी नगरसेवक, मागे मंडळांचे तरुण पदाधिकारी, दाराशी मोबाइल पाहत उभे असलेले चार-दोन कार्यकर्ते आणि टेबलावर इतिवृत्ताची नोंदवही असा तिचा थाट आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मिरवणुकीचा मार्ग, निघण्याची वेळ, कमानीची उंची, डीजेचा आवाज आणि रात्री दहानंतर तो बंद करण्याचा नियम एवढ्यावर तास-दीड तास चर्चा होते, कागदी कपातला चहा येतो, नोंदवहीवर सह्या होतात आणि बैठक संपते. त्या वहीत पोलीस काय करू देणार नाहीत याची नोंद असते. आम्ही स्वतःहून काय करणार नाही, याची एकही ओळ नसते. हे पत्र त्या न लिहिलेल्या ओळीविषयी आहे.

प्रथम एक तक्रार नोंदवतो. बैठकीच्या शेवटी कुणी ज्येष्ठ सदस्य उठून ‘सर्व धर्म सारखेच, सगळे माणुसकीच शिकवतात’ असे म्हणतात आणि टाळ्या पडतात. हेतू चांगला असला, तरी हे वाक्य खरे नाही आणि ऐकणाऱ्या विशीतल्या मुलालाही ते खरे वाटत नाही. ईश्वर एक की अनेक की नाहीच, मूर्ती पूजावी की पूजू नये, मृत्यूनंतर पुनर्जन्म की न्यायाचा दिवस, यावर आपल्या परंपरांचे मतभेद खोल आहेत आणि त्या त्या परंपरेतील विचारवंतांनी ते कधी लपवलेले नाहीत. जे सारखे नाही त्याला सारखे म्हटले की, जिथे खरोखर एकमत आहे तिथेही कुणाचा विश्वास बसत नाही. असे एकमत एका लहानशा, पण आपल्या कामाच्या प्रश्नावर आहे : ज्याच्या हातात शस्त्र आहे, ज्याच्या पाठीशी जमाव आहे, त्याने काय करू नये? ज्या महापुरुषांच्या नावाने आपण मिरवणुका काढतो त्यांतले अनेक जण योद्धे होते, काहींनी प्राणही दिले. म्हणून हा प्रश्न त्यांच्याच चरित्रांना विचारला पाहिजे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे 1673 मधले एक पत्र उपलब्ध आहे. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिलेले आहे. त्यात लढाईची आज्ञा नाही, गवत आणि दाण्याचा हिशोब आहे. साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलीत तर भर पावसात ती मिळणार नाही, मग कुणी कुणब्याचे दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजीपाला. आणि मग जी रयत घर धरून जीव मात्र घेऊन राहिली आहे, तीही जाऊ लागेल आणि तिला तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असे महाराज बजावतात. जे हवे ते बाजारात जाऊन रास्त विकत आणा, असे सांगतात. पुढे ते आणखी बारकाव्यात शिरतात : रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, अवचित उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गवताला आग लागेल आणि मग घोडी मेली तर ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. ज्या राजाचा पुतळा आपण हाती तलवार देऊन उभा करतो, तो उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करत होता. आपल्या शेकडो व्याख्यानांत अफझलखानाचा कोथळा येतो; हे पत्र फार थोड्यांत येते.

महाराजांच्या या शिस्तीची साक्ष त्यांचा द्वेष करणाऱ्यानेही दिली आहे. खाफीखान हा मोगल इतिहासकार त्यांच्याविषयी अपशब्द वापरण्यात कसर ठेवत नाही, पण त्यांच्या सैन्याने मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला उपद्रव देऊ नये असा त्यांचा नियम होता, हे त्याला लिहावे लागले. शत्रूच्या लेखणीतून आलेले हे प्रमाणपत्र आपल्याच बाजूच्या स्तुतीपेक्षा कितीतरी अधिक वजनाचे आहे.

आता नांदेडकडे वळू. सचखंड श्री हजूर साहिब येथे गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रे जपून ठेवलेली आहेत, आणि 1708 साली त्यांनी याच गावी देह ठेवला. त्यांनी 1705 मध्ये औरंगजेबाला फारसीत जे काव्यपत्र लिहिले ते जफरनामा म्हणून ओळखले जाते. पंजाबातले आनंदपूर सोडताना सुरक्षित वाट देऊ अशी कुराणावर घेतलेली शपथ मोगलांनी मोडली होती, आणि पत्रातला मुख्य आरोप हाच आहे : शपथ मोडणाऱ्याला धर्म कसला? लक्षात घ्या, गुरूंनी औरंगजेबाच्या धर्माची निंदा केलेली नाही. त्याने स्वतःचा धर्म पाळला नाही, असे त्याला सुनावले आहे. इतर सर्व उपाय थकल्यावरच तलवारीला हात घालणे न्याय्य ठरते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तलवार ही शेवटची गोष्ट. आपण ती मिरवणुकीत सर्वांत पुढे धरतो.

याच गुरूंनी नांदेडला ग्रंथसाहिबाला गुरूपद दिले, आणि त्या ग्रंथात नामदेव महाराजांची 61 पदे आहेत, शेख फरीद आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या संताची वाणी पंजाबात जाऊन गुरूवाणी झाली आणि गोदाकाठी परत आली. हा प्रवास नरसी ते नांदेड एसटीने जाणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येतो.

ज्या एका गोष्टीवर मला थोडे रेंगाळायचे आहे ती पाण्याची. आपल्या भागाला पाण्याचे मोल सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. करबलाच्या कथेत, इसवी सन 680 मध्ये, इमाम हुसेन यांचा मार्ग अडवण्यासाठी हुर्र नावाचा सरदार हजारभर स्वार घेऊन आला. ते सगळे उन्हाने आणि तहानेने हैराण झाले होते. हुसेन यांनी आपल्या साठ्यातले पाणी त्या सैनिकांना आणि त्यांच्या घोड्यांनाही पाजायला सांगितले. काही दिवसांनी हुसेन यांच्याच तळाचे पाणी तोडण्यात आले, मुले तहानेने व्याकूळ झाली, आणि ऐन युद्धाच्या सकाळी हुर्र आपली बाजू सोडून हुसेन यांच्याकडे आला आणि त्यांच्यासाठी लढून मेला. आपल्या कित्येक गावांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू घरांतून निघतात, हलगी वाजते, सरबत वाटले जाते. पण ते सरबत वाटणाऱ्या पोराला शत्रूला पाजलेल्या पाण्याची ही गोष्ट कुणी सांगितलेली असतेच असे नाही.

आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया पखाल घेऊन रणांगणात फिरत आणि दोन्ही बाजूंच्या जखमींना पाणी पाजत. हा माणूस शत्रूला जिवंत करतो, अशी तक्रार शिखांनी गुरूंकडे केली. मला प्रत्येक चेहऱ्यात आपलेच रूप दिसते, असे कन्हैयांनी उत्तर दिले, तेव्हा गुरूंनी त्यांना शिक्षा न करता मलमाची डबी हातात ठेवली : आता जखमाही बांध. युरोपात सोल्फेरिनोच्या रणभूमीवर दोन्ही बाजूंच्या जखमींची दैना पाहून आँरी द्युनां याने रेडक्रॉसची कल्पना मांडली ती 1859 नंतर, आणि पहिला जिनिव्हा करार झाला 1864 मध्ये. आनंदपूर त्याच्या दीड शतक आधीचे.

आणि पैठण तर आपल्याच अंगणात आहे. काशीहून रामेश्वराला वाहायला आणलेली गंगेची कावड संत एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण शाळेत ऐकतो. तिच्यावर फार फुशारकी मात्र मारता येत नाही. गाढवाला गंगा पाजणाऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या याच समाजाने माणसांना सार्वजनिक तळ्याचे पाणी नाकारले आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी महाडला जावे लागले. सद्गुणांच्या कथा पाठ असणे आणि ते सद्गुण अंगी असणे, या दोहोंत किती अंतर पडू शकते, ते चवदार तळ्याने दाखवून दिले.

जेरुसलेमसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात झालेल्या धर्मयुद्धांच्या काळातला एक प्रसंग याच माळेतला आहे. 1187 च्या जुलैमध्ये हत्तीनच्या लढाईत सुलतान सलाहुद्दीनने जेरुसलेमचा ख्रिस्ती राजा गी याला कैद केले आणि तंबूत बर्फाने गार केलेले पेय त्याच्या हाती दिले. कैद्याला आपल्या हाताने पाणी दिले की त्याचा जीव घ्यायचा नाही, हा अरबांचा रिवाज होता. गीने तो प्याला शेजारच्या रेनॉल्ड या आपल्या सरदाराकडे दिला, तेव्हा याला मी पाणी दिलेले नाही, असे सलाहुद्दीनने स्पष्ट केले. तह मोडून यात्रेकरू आणि व्यापारी लुटणाऱ्या रेनॉल्डला पुढे मरण मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेरुसलेम घेताना सलाहुद्दीनने कत्तल न करता खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिले, तर 1099 मध्ये ख्रिस्ती सैन्याने तेच शहर घेताना रक्ताचा सडा घातला होता. यावरून सलाहुद्दीनला संत ठरवायचे कारण नाही. हत्तीननंतर त्याने टेम्पलर आणि हॉस्पिटलर या लढवय्या ख्रिस्ती संघांच्या कैद्यांना ठार करवले आणि जेरुसलेमची खंडणी देऊ न शकलेले हजारो गरीब गुलामीत गेले. तरीही शत्रूंच्या युरोपात त्याचे नाव पुढे शतकानुशतके उदारपणाचे उदाहरण म्हणून घेतले गेले, हे विसरता येत नाही.

युरोपच्या सरदारांविषयीही एक शब्द. चिलखत घातलेला, विधवा-अनाथांचा रक्षक असा वीर आपण चित्रांत पाहतो, पण मुळात तो शेतकऱ्यांची गुरे पळवणारा सशस्त्र दांडगा होता, आणि त्याला आवरण्यासाठीच दहाव्या शतकाच्या अखेरीस धर्मसभा भरू लागल्या. 989 मध्ये फ्रान्समधील शारू येथील सभेने देवळे लुटणाऱ्यांना, शेतकऱ्यांची आणि गरिबांची जनावरे नेणाऱ्यांना आणि निःशस्त्र धर्मसेवकांना मारणाऱ्यांना बहिष्काराची धमकी दिली. पुढे आठवड्याचे काही दिवस लढाई बंद ठेवण्याचाही नियम झाला. हे नियम किती पाळले गेले? थोडेच. महाभारतातही युद्धाच्या आरंभी दोन्ही सैन्ये मर्यादा ठरवतात : शस्त्र टाकलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर, सारथी आणि शंख-नगारे वाजवणाऱ्यांवर घाव घालायचा नाही. पुढे अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले, आणि अश्वत्थाम्याने तर झोपलेल्या छावणीत शिरून कत्तल केली. पण नियम आधी ठरलेला होता म्हणूनच अश्वत्थाम्याचे कृत्य आजवर पराक्रम म्हणून कुणी सांगितले नाही. ठरवलेली मर्यादा मोडली तर ती मोडली असे म्हणता येते. जी ठरवलीच नाही तिच्याविषयी दुसऱ्या दिवशी ठाण्यात नुसती वादावादी होते.

मिरवणुकीत दगड पडण्याआधी बहुधा घोषणा पडते, म्हणून अपमानाविषयी काय सांगितले आहे तेही पाहू. गोदावरीचे स्नान करून परतणाऱ्या नाथांवर एक यवन पुन्हा पुन्हा थुंकला आणि नाथ न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, ही पैठणची कथा. लढाईत हजरत अलींनी प्रतिस्पर्ध्याला खाली पाडले, तो त्यांच्या तोंडावर थुंकला, तेव्हा अलींनी तलवार आवरली; मी ईश्वरासाठी लढत होतो, आता मारले तर ते माझ्या रागासाठी होईल, असे त्यांनी सांगितले, ही सूफींची आवडती कथा. शिव्या देत आलेल्या ब्राह्मणाला बुद्धाने विचारले की पाहुण्याने न घेतलेले अन्न कोणाचे राहते, ही पालीतली कथा. पहिल्या कथेत थुंकणारा मुसलमान आहे, दुसरीत अपमान गिळणारा मुसलमान आहे. यांतली एकच कथा सांगितली की ती दुसऱ्या समाजावर मारायचा दगड होते. म्हणून त्या एकाच व्यासपीठावरून, एकापाठोपाठ सांगाव्यात असे माझे मत आहे. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात वाणीचा संयम हेच धर्माचे मूळ सांगितले आहे आणि आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो दुसऱ्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, असे कोरून ठेवले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा लेख ध्वनिक्षेपकाच्या काळात अधिकच लागू पडतो.

वैर मरणापाशी संपते, हेही सर्वांना मान्य आहे. रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरतो तेव्हा ‘मरणान्तानि वैराणि’ म्हणत राम त्याला सांगतात की हा जसा तुझा तसाच माझाही. ज्यांना रामाच्या नावाने शोभायात्रा काढायची आहे, त्यांनी हा श्लोक फलकावर घ्यावा.

हे सारे पुस्तकी आहे, आजच्या माणसाला झेपणारे नाही, असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी आपल्याच आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट आहे. निजामी राजवटीच्या अखेरीस रझाकारांनी मराठवाड्यात केलेले अत्याचार घरोघरी सांगितले जातात आणि ते सांगितलेच पाहिजेत. 17 सप्टेंबर 1948 नंतर, म्हणजे निजामी राजवट संपल्यावर, सूडाच्या लाटेत मुसलमान कुटुंबांची जी कत्तल झाली ती मात्र आपण फारशी बोलत नाही. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे घेतली. पण त्याच समितीने हेही नोंदवले की, अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवले, आणि काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण करताना प्राणही गमावले. त्या विणकरांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्याजवळ ना घोडा होता ना चिलखत, आणि तरीही मराठवाड्याच्या मातीत शूर कुणाला म्हणावे असे विचारले तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

शौर्य आणि साधुत्व एकत्र नांदत नाहीत असे मानणाऱ्यांना देवगिरीचा किल्ला दाखवावा. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी तिथे किल्लेदार होते, आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले हे सूफी होते, असे परंपरा सांगते. गुरू समाधीत असताना किल्ल्यावर हल्ला झाला तेव्हा त्यांचे चिलखत घालून नाथ लढायला उतरले, अशीही कथा आहे. म्हणजे थुंकणाऱ्यावर हात न उचलणारा तोच माणूस, किल्ल्यावर चाल झाली तेव्हा मागे हटला नाही. कोणत्या प्रसंगी हात उचलायचा हे कळणे, हीच त्या शिकवणीची कसोटी होती.

आता मागणी. पुढच्या बैठकीत मार्ग आणि वेळ ठरवण्याआधी प्रत्येक मंडळाने आणि संयोजकाने आपल्याच परंपरेतून, आपल्याच महापुरुषाच्या चरित्राचा आधार देऊन, आपण काय करणार नाही ते स्वतः लिहून आणावे आणि सर्वांसमोर वाचून दाखवावे. शिवजयंती मंडळाने चिपळूणच्या पत्राचा आधार घेऊन हातगाडीवाल्याची आणि दुकानदाराची काडीही हलणार नाही, असे लिहावे. मोहरमच्या संयोजकांनी अलींचे नाव घेऊन, घोषणेला घोषणेने उत्तर देणार नाही, असे लिहावे. भीमजयंती मंडळाला बुद्धाचे पंचशील आहे, जैन बांधवांना क्षमा मागण्याची क्षमापना आहे, शीख बांधवांना भाई कन्हैया आहेत; त्यांना मी काय सांगावे? भाषा पोलिसांची नको, ज्याची त्याने आपली वापरावी. शिवाय दुसऱ्याच्या मिरवणुकीच्या दिवशी तिच्या मार्गावर पाणपोई लावण्याची जबाबदारी प्रत्येकाने घ्यावी, आणि तिथे नेत्यांचे फलक नसावेत; पाण्याच्या टाकीपेक्षा शुभेच्छुकांचा फलक मोठा, हा प्रकार आता पुरे झाला.

यावर ‘आधी त्यांनी लिहावे, मग आम्ही’ असे येईल, हे मी जाणून आहे. हुर्रच्या घोड्यांना पाणी पाजताना हुसेन यांनी अशी अट घातली नव्हती, आणि रयतेच्या गवताला हात न लावण्याची आज्ञा देताना महाराजांनी मोगलांनी तसे करण्याची वाट पाहिली नव्हती. लिहून दिलेला शब्द कुणी मोडला, तर त्या मंडळाच्या अध्यक्षांनी पुढच्या बैठकीत उभे राहून तसे सांगावे आणि ते त्याच नोंदवहीत लिहिले जावे. गुन्हे दाखल करण्याचे काम पोलिसांचे, ते ते करतीलच. ज्येष्ठ सदस्यांना विनंती अशी की, समारोपाच्या भाषणाचा वेळ त्यांनी या वाचनासाठी सोडावा. आणि ठाणेदार साहेबांना एवढेच सांगणे की, प्रत्येक मंडळाचे हे लेखी शब्द मिरवणुकीच्या परवानगीच्या कागदासोबत जोडून त्याची एक प्रत दुसऱ्या मंडळांनाही द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
गोदाकाठचा एक निवृत्त शिक्षक